पंचांचा हात

दर गुरुवारी दुपारी चार वाजता पंच गेंड्याच्या घराची घंटा दोनदा वाजवत. एकदाच वाजली तर गेंड्याची बायको, म्हणजे वहिनी, "काहीतरी विकायला आला असेल कुणी" म्हणून जागच्या हलत नसत. दोनदा वाजली की दार उघडे, चहाचं आधण चढे, आणि आतल्या खोलीतून गेंड्याचा आवाज येई, "आलं का ते सुतक?"

"आलंय," पंच म्हणत. "अजून मेला नाहीस वाटतं तू?"

एकोणतीस वर्षं हे चाललं होतं.

पंचांना सगळे पंच म्हणत, त्यांची सूनसुद्धा. सोमवार ते शनिवार ते बुटांच्या दुकानात काम करत. गिऱ्हाईक बाकावर बसे, पंच त्याच्या पायाशी गुडघे टेकत, आणि टाच मुठीत धरून नुसत्या स्पर्शाने माप सांगत. त्यांचं माप क्वचितच चुके. रविवारी दुपारी मात्र ते काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घालून बाजारामागच्या सभागृहात जात आणि कुस्तीच्या रिंगमध्ये गुडघे टेकत. "अख्खी हयात गुडघ्यांवर काढली," ते म्हणत, "आणि डॉक्टर विचारतो, गुडघे कशाने झिजले!"

ही कुस्ती दोरांच्या चौकोनातली, तिकीट लावून करायची. कोण जिंकणार, कितव्या मिनिटाला जिंकणार, हे कपडे बदलायच्या खोलीत आधीच ठरलेलं असे. लोकांनाही ते ठाऊक असे, आणि तरी ते घसा बसेपर्यंत ओरडत. गेंडा हा त्या सभागृहाचा लाडका दुष्ट. वजन एकशे तीस किलो, डोकं तासून गुळगुळीत, आणि चालण्यात अशी मग्रुरी की तो नुसता दारात उभा राहिला तरी वरच्या बाकांवरून फळांची सालं उडत. आठवडाभर हाच गेंडा घरोघरी खिडक्यांना काचा बसवी. रविवारी ज्या बाईने त्याला चप्पल फेकून मारली, तिच्याच स्वयंपाकघरात सोमवारी तो दोन बोटांनी काचेच्या कडांना लांबी लावत बसलेला असे. "ताई, काल नेम चुकला तुमचा," तो अदबीने सांगे.

ठरलेल्या कुस्तीत न ठरलेली गोष्ट एकच, ती म्हणजे पडणं. फळ्यांवर जाड घोंगड्या, घोंगड्यांवर ताडपत्री, आणि त्यावर माणूस पाठीवर आपटणार. तो दुखल्याचं नाटक करतोय की त्याला खरंच दुखलंय, हे तिसऱ्या रांगेतून कळत नाही. ते कळणं हेच पंचाचं खरं काम. एक-दोन-तीन मोजायला काय, कुणीही मोजेल. म्हणून एक रीत होती. पडलेल्या माणसापाशी पंच वाकायचा, त्याला दटावल्यासारखं करायचा, आणि कुणाला दिसणार नाही असा त्याचा हात दाबायचा. म्हणजे, बरा आहेस ना? पडलेला उलट दाबायचा. म्हणजे, बरा आहे, चालू दे. उलट दाब आला नाही तर खेळ तिथेच थांबवायचा. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण या एका गोष्टीवर सगळ्यांचा जीव विसंबून असे.

गेंड्याला मस्करीची खोड होती. कधीकधी तो मुद्दामच हात दाबत नसे. पंचांचा चेहरा पांढराफटक पडेपर्यंत ओंडक्यासारखा पडून राही, मग एक डोळा किलकिला करून हळूच हसे. पंचांनी त्याला तीनदा निक्षून सांगितलं होतं. तिन्ही वेळा त्याने कान पकडले आणि तिन्ही वेळा पुन्हा तेच केलं.

आणि मग तो रविवार आला. समोर राजपुत्र म्हणून एक देखणा मल्ल होता. त्याने गेंड्याला खांद्यावरून फेकलं. फेक नेहमीचीच, पण गेंडा मानेवर पडला. पंच वाकले, त्यांनी त्याचा उजवा हात दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. राजपुत्र तोवर कोपऱ्यातल्या खांबावर चढून उभा होता, सगळं सभागृह पायांवर उभं होतं, आणि पंचांच्या मनात आलं, आलाच हा पुन्हा आपल्या जातीवर. ते उठून बाजूला झाले. राजपुत्राने उडी मारली. पंचांनी ताडपत्रीवर तळहात आपटत तीन मोजले.

गेंडा उठला नाही. त्याचे पाय कायमचे गेले, उजव्या हाताची बोटंही अर्धीमुर्धीच परत आली. फेकेने गेले की उडीने, हे डॉक्टरांना सांगता येईना. इस्पितळाच्या जिन्यात कंपनीच्या मालकाने पंचांना गाठलं. "त्याने हात दाबला होता ना?"

"दाबला होता," पंच म्हणाले.

गेंड्याला त्या दिवशीचं बुटांची नाडी बांधल्यानंतरचं काहीच आठवत नव्हतं. म्हणून पंच जे म्हणाले तेच घडलं असं ठरलं. नशीब म्हणायचं, दुसरं काय, असं सगळे म्हणाले. वहिनी म्हणाल्या, राजपुत्र म्हणाला, आणि पुढे मरेपर्यंत म्हणत राहिला. दुकानातून गुरुवारची दुपार मागून घेऊन पंच दर आठवड्याला येऊ लागले.

गुरुवारी पाच वाजता टीव्हीवर नव्या जमान्याची कुस्ती लागे. दोघं म्हातारे ती शेवटपर्यंत बघत आणि शेवटपर्यंत शिव्या घालत.

"हे काय, लग्नाचा मांडव पेटला का?" रिंगमध्ये येणाऱ्या मल्लामागे धुराचे लोट सुटले की गेंडा विचारी.

"आता कुस्ती कमी नि भाषणं जास्त," पंच म्हणत.

"आपल्या वेळी एका हातकैचीवर मी लोकांना दहा मिनिटं झुलवायचो. दहा मिनिटं! हे बघ, मिनिटात चार उड्या. कशाचं कुणाला दुखतच नाही लेका. दुखल्यासारखं करायलासुद्धा येत नाही यांना."

"खरंय."

"आणि तो पंच बघ. कानात काय ते बूच. कुणीतरी आतून सांगतंय त्याला, इकडे वाक, तिकडे वाक. तू कधी कानात घातलंस काही?"

"मला हात पुरायचा," पंच म्हणत, आणि म्हणताना दर वेळी त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाई.

गेंड्याची नात, मुलीची मुलगी, याच नव्या कुस्तीत होती. रिंगमधलं नाव ठिणगी. तेवीस वर्षांची, बुटकी, काटक, आणि जिभेला हाड नसलेली. एका गुरुवारी ती खेळाची पिशवी खांद्यावर टाकूनच आत आली आणि दोघांच्या मधल्या स्टुलावर बसली.

"झालं का रडगाणं सुरू? जुनं सोनं, नवं भंगार?"

"पोरी, आमची कुस्ती बघून माणसं घरी जाऊन आठ दिवस भांडायची," गेंडा म्हणाला. "तुमची बघून पॉपकॉर्न टाकून उठतात."

"आजोबा, गेल्या वर्षी माझा खांदा निखळला. पंचाने हातांची फुली केली, चार सेकंदांत खेळ बंद, डॉक्टर आत."

"चार सेकंदांत! लोकांचा किती विरस झाला असेल!"

"अहो, माझा खांदा निखळला होता!"

"खांद्याचं काय, बसतो परत. विरस झालेलं गिऱ्हाईक परत येत नाही."

वहिनी आतून म्हणाल्या, "तिच्याशी असं बोलू नका हं सांगून ठेवते." चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने ते वाक्य बोलावं, हे पंचांच्या मनातून जाईना.

ठिणगी मुळात एक बातमी घेऊन आली होती. बाजारामागचं ते जुनं सभागृह पाडणार होते. त्याआधी तिथे एक शेवटचा रविवार करायचा कंपनीने ठरवलं होतं, थेट जुन्या पद्धतीचा. धूर नाही, पडदे नाहीत, पंचाच्या कानात यंत्र नाही. ठिणगी आजोबांचं जुनं जाकीट घालून खेळणार होती.

"आणि पंच म्हणून," ती म्हणाली, "मी तुमचं नाव देऊन आले."

"माझे गुडघे—" पंच म्हणाले.

"गुडघ्यांना पट्टे बांध," गेंडा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला तो नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होता. "मी येणार. एकोणतीस वर्षांत त्या दारात पाऊल नाही टाकलं... म्हणजे चाक. मी पहिल्या रांगेत बसणार."

"दुसरा कुणी तरुण बघा. मला आता नीट ऐकूही येत नाही."

"अरे, माझी नात आहे ती! दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ? तुझा हात मला माहीत आहे."

पंचांनी मान डोलावली.

मधल्या दोन आठवड्यांत ते ठिणगीच्या सरावाला जाऊन बसले. हात दाबायची रीत तिला समजावायला अर्धं मिनिट पुरलं.

"मी विचारेन, तू उत्तर द्यायचं. दर वेळी. कितीही मजा येत असली तरी."

"मजा म्हणजे?"

"म्हणजे मस्करी म्हणून न दाबता पडून राहायचं, असलं काही नाही करायचं."

ठिणगी हसली. "असं कोण करेल, पंचआजोबा? मूर्ख आहे का कुणी?"

पंच वाकून गुडघ्याचा पट्टा पुन्हा बांधू लागले.

रविवारी सभागृह निम्मंच भरलं. आलेले बहुतेक पांढऱ्या केसांचे. काही जण नातवंडांना हाताला धरून आले होते, त्यांना मोबाइलवरून डोळा काढायला लावत होते. छपराच्या एका कोपऱ्यातून उजेडाची तिरीप आत आली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती. पंचांना वाटलं होतं, जागा मोठी असेल. ती लहान निघाली. खांबही लहान वाटले. त्या खांबावरून माणूस उडी मारायला किती वेळ घेत असेल, असा हिशेब मनात सुरू झाला तसा त्यांनी तो तोडला.

गेंडा पहिल्या रांगेत होता. कुणीतरी ओरडलं, "ए गेंड्या, हरामखोरा!" आणि त्याने ताठ बसून डाव्या हाताने अशी काही तुच्छतेची खूण केली की सगळी म्हातारी माणसं खुशीने ओरडू लागली. त्याला इतकं सुखात पंचांनी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

ठिणगीच्या समोर एक उंच मुलगी होती, तिला सगळ्या जणी शिडी म्हणत. दोघींनी मन लावून जुन्या चालीने खेळ केला. हातकैची, मानकैची, सावकाश. गेंडा मांडीवर थाप मारत होता. सातव्या मिनिटाला शिडीने ठिणगीला खांद्यावरून फेकलं. ती कुशीवर पडली, तिचा हात अंगाखाली आला, आणि ती पडूनच राहिली.

हे पडणं ठरलेलं होतं. त्यानंतर शिडी खांबावर चढणार, ठिणगी ऐन वेळी लोळून बाजूला होणार, हेही ठरलेलं होतं. पंच गुडघ्यांवर गेले. त्यांनी मुलीचा अंगाखालून बाहेर आलेला तोच हात धरला आणि दाबला.

हात गार होता. उत्तर आलं नाही.

शिडी दोरावर पाय ठेवत होती. ठिणगी त्यांच्याकडे बघत होती, ओठ हलवत होती, पण वरच्या बाकांवरचा गोंगाट इतका की पंचांना एक अक्षर कळेना. ते पुन्हा दाबायला थांबले नाहीत. ते उठले, डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली आणि खांबाकडे तोंड करून ओरडले, "खाली उतर! उतर खाली!"

डॉक्टरीण पायऱ्या चढून आत आली. सभागृहात आधी शांतता झाली, मग हुर्यो सुरू झाली. जुनी माणसं जुन्या ताकदीने हुर्यो करत होती.

कपडे बदलायच्या खोलीत ठिणगी कोपरावर बर्फ धरून बसली होती. रागाने लाल. "कोपरावर पडले, बोटांना मुंग्या आल्या, एवढंच! मी सांगत होते तुम्हाला, चालू द्या, चालू द्या! दहा सेकंदांत गेल्या असत्या."

"थांबवलं ते बरोबर केलं," डॉक्टरीण म्हणाली.

"बरोबर?" गेंड्याची खुर्ची दारात आली. त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. "शेवटचा रविवार होता तो! लोक उठून गेले. माझ्या पोरीच्या नावाने हुर्यो झाली, माझ्या जाकिटात! म्हातारा झालास, घाबरलास तू. आपल्या वेळी असं कधी झालं होतं? एकदा तरी थांबवला होतास खेळ?"

"नाही," पंच म्हणाले.

"मग?"

"थांबवायला हवा होता."

"कधी?"

पंच बाकावर बसले. गुडघ्यांचे पट्टे सोडायला त्यांनी हात घातला. "तुझ्या वेळी. तू हात दाबला नव्हतास. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा काही नाही. मला वाटलं, मस्करी करतोयस."

ठिणगीने बर्फाची पिशवी खाली ठेवली.

"तू तर म्हणालास, दाबला होता," गेंडा म्हणाला. त्याचा आवाज एकदम साधा झाला होता, काचेचं माप विचारावं तसा.

"म्हणालो."

गेंडा बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मग नातीला म्हणाला, "गाडी बोलव. घरी जायचंय."

पुढच्या गुरुवारी पंच घराबाहेर पडले तेव्हा सुनेने विचारलं, "आज जाताय?" चार वाजता त्यांनी घंटा दोनदा वाजवली. दार लगेच उघडलं नाही. मग वहिनी आल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "थांबा," त्या म्हणाल्या, "यांना विचारते."

एकोणतीस वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पंच पायपुसण्यावर उभे राहिले. आतून बोलण्याचा आवाज आला, मग काहीच नाही, मग वहिनी परत आल्या. "या."

गेंडा टीव्हीसमोर होता. सुतक आलं का, असं त्याने विचारलं नाही. टीव्हीखाली जुनं कॅसेटचं यंत्र जोडून ठेवलं होतं. ठिणगीने कुठूनतरी पैदा केलं असावं. एकोणतीस वर्षांपूर्वीच्या त्या रविवारची कॅसेट मालकाने तेव्हाच घरी पाठवली होती. ती कपाटात चादरींच्या खाली पडून होती आणि ती तिथे आहे हे तिघांनाही माहीत होतं. कुणी तिचं नाव काढलं नव्हतं.

"लाव," गेंडा म्हणाला.

चित्र सुरकुतलेलं होतं, रंग उडालेले. गेंडा हात पसरून लोकांना खिजवत होता. केवढा होता तो! राजपुत्राने त्याला उचललं, फेकलं. मग पट्ट्यांचा सदरा घातलेला एक सडपातळ माणूस वाकला. त्याची पाठ कॅमेऱ्याकडे होती. हात दिसत नव्हता. गेंड्याचं तोंडही दिसत नव्हतं.

राजपुत्राने उडी मारली तशी वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या.

"मागे घे," गेंडा म्हणाला. "आणि मोज."

"कुठून?"

"तू हात धरलास तिथून. तो उडी मारेपर्यंत."

पंचांनी मोजलं. सवयीने त्यांचा तळहात प्रत्येक आकड्याला मांडीवर आपटत होता. तीनच्या पुढे मोजायची त्या हाताला सवय नव्हती. चौथ्याला तो अडखळला, मग चालू राहिला. "अकरा," ते म्हणाले.

"पोरीचा खांदा निखळला तेव्हा चार लागले होते."

"हो."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"मी हसत होतो का?" गेंड्याने विचारलं. "तेव्हा. तोंडावर हसू होतं माझ्या?"

पंचांना वाटलं, नाही म्हणावं. हो म्हणावं. दोन्हींपैकी काहीही म्हटलं तर त्याला एका कुशीवर तरी झोप लागेल. इस्पितळाच्या जिन्यातही त्यांना असंच काहीतरी वाटलं होतं.

"मी पाहिलं नाही," ते म्हणाले. "मी राजपुत्राकडे बघत होतो."

गेंड्याने मान हलवली. वहिनी चहा घेऊन आल्या, दोन कप, आणि कुणाशी काही न बोलता स्टुलावर ठेवून गेल्या. पाच वाजले होते, पलीकडच्या वाहिनीवर नवी कुस्ती सुरू झाली असणार. पंचांनी कपाकडे हात नेला.

"राहू दे तो," गेंडा म्हणाला. "पुन्हा मागे घे."

यंत्र खाली, जमिनीलगत होतं. पंच खुर्चीतून उतरले, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि बटण दाबलं.